सहासष्ट नंबरचं इंजिन आणि मोहटोल्याची पाळ

मी लढाऊ विमानांची इंजिनं दुरुस्त करायचो असं कळलं, की लोक हमखास एकच प्रश्न विचारतात. "किती स्पीडनं जायची हो ती?" किती उंचीवर, हे आजवर कुणी विचारलं नाही. आणि आमच्या धंद्यातली सगळी गंमत, सगळी भीतीसुद्धा, त्या न विचारलेल्या प्रश्नात होती.

इंजिनाला पेट्रोल लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याला श्वासही लागतो. जमिनीवर हवा दाट असते, तेव्हा काही अडत नाही. वर जावं तशी ती विरळ होत जाते आणि इंजिनाला धाप लागते, अगदी तुम्हाआम्हाला डोंगर चढताना लागते तशी. म्हणून लढाईच्या काळात इंजिनाच्या पाठीमागं एक पंखा बसवू लागले. त्याचं पुस्तकी नाव सुपरचार्जर, आम्ही त्याला ब्लोअर म्हणायचो. तो बाहेरची विरळ हवा ओढायचा, दाबायचा आणि इंजिनाच्या नरड्यात कोंबायचा. आमच्या स्पिटफायरवरच्या मर्लिन इंजिनात असे दोन पंखे एकापाठोपाठ होते, आणि त्यांना दोन गिअर. मोटारीचा गिअर ड्रायव्हर बदलतो. इथं मात्र हवेचा दाब ओळखणारी एक पितळी डबी होती, तळहातावर मावेल एवढी. विमान ठरावीक उंचीवर पोचलं की डबी फुगायची आणि गिअर आपोआप पडायचा. ती डबी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसलो होतो. आपण आभाळात किती वर आलो, हे त्या मुक्या पत्र्याला कळत होतं.

आता पंखा फिरवायला ताकद लागते, आणि ती इंजिनाच्याच खिशातून जाते. पंखा फार जोरात फिरवला तर वर मजा, पण खाली ताकद फुकट. हळू फिरवला तर खाली जोर, पण वर धाप. म्हणून एकाच मर्लिनचे प्रकार केले होते. सहासष्ट नंबरचं इंजिन खालच्या हवेतलं. सत्तर नंबरचं उंचावरचं. बाहेरून बघाल तर जुळे भाऊ. फरक सगळा गिअरच्या दात्यांत. आमच्याकडच्या माणसाला मी सांगायचो, सत्तर म्हणजे शंकरपटाच्या शर्यतीतला बैल, आणि सहासष्ट म्हणजे धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात चिखल तुडवणारा हल्या रेडा. पटाचा बैल चिखलात घातलात तर त्यात बैलाचा काय दोष?

मी मूळचा मूलचाच, म्हणजे चांदा जिल्ह्यातल्या मूल गावचा. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत हवाई दलात फिटर म्हणून भरती झालो आणि स्वातंत्र्यानंतरही तेच काम करत राहिलो. पुढे जेट विमानं आली. ज्या मर्लिनच्या एकेका झडपेसाठी आम्ही जीव टाकला, ती इंजिनं ॲल्युमिनियमच्या भावानं घणाखाली फुटताना मी पाहिली आहेत. त्याबद्दल लिहीत नाही, लिहिण्यासारखं त्यात काही नाही. लिहायचं आहे ते त्याआधीचं, पन्नाशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यातलं.

तेव्हा आमच्याकडे काही स्पिटफायर फोटो काढण्याच्या कामावर होती. बंदुका काढून पोटात कॅमेरे बसवलेले, अंगाला आभाळासारखा निळा रंग. चांदा जिल्ह्याच्या जंगलांचे वरून फोटो घ्यायचं काम चाललं होतं. विमान अतिशय उंच जायचं, म्हणून त्याला सत्तर नंबरचं इंजिन. चालवणारे दिघे साहेब. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, आणि जमिनीवर असले की सतत कशावर तरी बोटांनी ताल धरणारे.

एका दुपारी ते काम आटोपून खाली उतरत असताना गिधाड आडवं आलं. उन्हाळ्यात आमच्याकडे गिधाडं तापल्या हवेवर घिरट्या घालत फार वर जातात. पंखाखाली इंजिन थंड ठेवणारं रेडिएटर असतं, तिथं ते आदळलं. पाणी आणि औषध एकत्र केलेलं ते थंडाव्याचं मिश्रण पांढऱ्या धुरासारखं निघून गेलं. मर्लिनला थंडावा नसला की तो काही मिनिटांत भाजून निघतो. दिघे साहेबांनी हवाई छत्री घेऊन उडी मारली असती तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्यांना खाली आटलेला एक मोठा तलाव दिसला. इंजिन बंद, नाकावरचा पंखा थांबलेला, चाकं सोडलेली, अशा अवस्थेत त्यांनी विमान त्या तलावाच्या कोरड्या पोटात अल्लाद उतरवलं.

तो तलाव मोहटोल्याचा. आष्टीला वैनगंगा ओलांडून पलीकडे गेलं की आत जंगलात असलेलं गाव. मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, थोडी कुणब्यांची, आणि पलीकडच्या टोल्यात, म्हणजे लहान वस्तीत, गोंड.

मी त्याच भागातला आणि बोली जाणणारा म्हणून मला पाठवलं. बरोबर कपूर साहेब, आमचे इंजिनिअरिंगचे अधिकारी. पंजाबी माणूस, आवाज मोठा, मनानं मात्र सरळ. नदीच्या वाळूवर बांबूच्या ताट्या अंथरून आमचा ट्रक पलीकडे काढला आणि आम्ही मोहटोल्याला पोचलो.

तलावाच्या मधोमध भेगाळलेल्या मातीवर ते निळं विमान उभं होतं, आणि सगळं गाव पाळीवर बसून त्याच्याकडे बघत होतं. पाळ म्हणजे तलाव अडवणारा मातीचा उंच बांध. कुणी जवळ गेलेलं नव्हतं. दिघे साहेब एका खाटेवर सावलीत बसून अंबिल पीत होते.

"आवाज नोयता जी," एक म्हातारी मला सांगू लागली. "घार उतरते ना, तशी उतरली. मी म्हनलो, देवानंच धाडली. मंग त्याच्यातून ह्यो मानूस निंगाला अन् म्हनते, पानी द्या."

ही सोनाबाई. ढिवरांच्या घरांत तिचा शब्द चालायचा. नवरा डोहात गेलेला, मुलगे तिनंच वाढवलेले, आणि तलावाचं सगळं तिच्या तोंडपाठ. झरा कुठून येतो, मासोळी कुठं अंडी घालते, पाळ कुठं नाजूक आहे.

मी इंजिनाची टोपणं उघडली. गोडसर जळका वास आला. आतली सिलिंडरांची तोंडं उष्णतेनं वाकली होती. इंजिन बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बाकी विमान धड होतं. पंख सोडवून ते गाडीवर न्यावं, तर जंगलातली वाट तेवढी रुंद नव्हती. पावसाळा आला की तलाव भरणार आणि विमान पाण्याखाली जाणार. म्हणजे इथंच इंजिन बसवायचं आणि इथूनच उडवायचं.

कपूर साहेबांनी तलावाचं पोट पायांनी मोजलं. एका बाजूला मोहाची उंच झाडं, तिकडून उडणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या बाजूला पाळ. मे महिन्यातल्या चांद्याच्या उन्हात हवा आधीच पातळ होते, आणि सत्तर नंबरचं इंजिन जमिनीजवळ मंद. ते मान हलवत परत आले.

"पाळ काटनी पड़ेगी," ते म्हणाले. "बीच में चौड़ा रास्ता। बाद में मिट्टी भर देंगे।"

मी ते सोनाबाईला तिच्या बोलीत सांगितलं. ऐकून ती उठली, पाळ जिथं कापायची होती तिथं गेली आणि पदर सावरून बसली. तिच्यामागं आणखी बायका येऊन बसल्या.

मी जवळ गेलो. "बाई, सरकारी काम आहे. नंतर भरून देतो म्हणतात."

"कोन गावचा गा तू?"

"मूलचा."

"मूलचा हायेस अन् तुले नाई समजत?" ती चिडलेली नव्हती, तिला नवल वाटत होतं. "जुनी माती अन् नवी माती एक होते का? तुमी भरान. पह्यला पानी आला का नवी माती वाहून जाते, संगं जुनी बी नेते. मंग तलाव कुठी अन् आमी कुठी? धान कशावर होईन? मासोळी कुठी राहीन? त्या साहेबाले सांग. आमी त्याले पानी पाजलं, अंबिल पाजली. आमचं पानी काऊन सोडून राह्यले?"

मी ते शब्दाला शब्द हिंदीत सांगितलं.  जीभ चावल्यासारखा कपूर साहेबांचा चेहरा झाला होता. त्यांचंही बालपण कालव्याकाठच्या गावात गेलेलं.

दिघे साहेबांची बोटं खाटेच्या लाकडावर ताल धरत होती. ती थांबली.

"कपूर, डेपोत सहासष्ट नंबर आहे का?"

"है। पर ये फोटोवाला जहाज़ है, सत्तर पे चलता है। ऊपर सहासष्ट का दम टूट जाएगा।"

"मला वर जायचंच नाही," दिघे म्हणाले. "मला फक्त त्या पाळीवरून जायचं आहे."

मी हा धंदा बरीच वर्षं केला होता. कोणतं इंजिन किती उंच नेतं हे मला माहीत होतं. पण किती कमी उंचीसाठी इंजिन निवडावं, असा विचार मी कधी केला नव्हता. एका बांधाएवढ्या उंचीसाठी.

कपूर साहेबांनी मातीवर काडीनं आकडे मांडले. कॅमेरे काढायचे, नागपूर गाठेल एवढंच पेट्रोल ठेवायचं, उजाडताना हवा थंड असते तेव्हा निघायचं. शेवटी ते म्हणाले, "निकल जाएगा। बस, निकल ही जाएगा। उससे ज़्यादा कुछ नहीं।"

"मग पाळ कापायची नाही. उडवणार मी आहे."

सोनाबाईला हे सांगितलं, तेव्हा तिनं दिघे साहेबांकडे नीट पाहून घेतलं. "अन् नाई निंगालं तं?" तिनं मला विचारलं.  ती पाळीवरून उतरली, पण चेहऱ्यावर सुटका नव्हती. आता तिच्या पाळीपायी एका माणसाचा जीव टांगणीला लागला, हे तिला माझ्याइतकंच कळलं होतं.

सहासष्ट नंबर लाकडी पेटाऱ्यातून आलं. ते उचलायला क्रेन कुठून आणणार? आलापल्लीच्या सागवान डेपोतून पोचा मडावी आणि त्याची माणसं बोलावली. सागाचे प्रचंड ओंडके ट्रकवर चढवणं हे त्यांचं रोजचं काम. पोचा बुटका, रुंद, सदा हसतमुख. त्यानं सागाच्या तीन खांबांची तिकटी उभी केली, तिला आमची चेनपुली टांगली आणि माझ्या इंजिनाभोवती एक चक्कर मारली.

"याले कुठी धरू, कुठी नको, तेवढं सांगा जी. बाकी आमी पाहून घेऊ."

मी हात लावून दाखवलं. त्यानं एकदाच पाहिलं.

इंजिन हवेत लटकलं आणि विमानाच्या नाकाकडे सरकू लागलं. एवढं वजन, आणि त्यातले बोल्ट जायचे भोकांत, मधे केसाची फट. अचानक पोचानं हात वर केला. सगळे जागच्या जागी थांबले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तो एका खांबाला कान लावून उभा राहिला आणि गोंडीत काहीतरी बोलला. इंजिन हळूहळू परत खाली घेतलं. खांब सोडवून बघतो तर आत उभी चीर. वरून दिसत नव्हती. तासाभरानं नवा खांब आला, आणि दुसऱ्या खेपेला इंजिन असं बसलं, की बोल्ट मी बोटांनी आत ढकलले. कारखान्यातल्या क्रेनखालीसुद्धा माझं इंजिन इतक्या नेटकेपणानं कधी बसलं नव्हतं. कपूर साहेबांनी पोचाला मिठी मारली. पोचा फार लाजला.

मग नळ्या, तारा, नवं रेडिएटर. पत्रे इतके तापायचे, की हत्यारं पाण्यात बुडवून वापरावी लागत. सोनाबाई रोज येऊन थोड्या अंतरावर बसायची. एकदा म्हणाली, "एवढ्या नळ्या कायले रे बापा?"

"श्वास घ्यायला, बाई. आणि अंग थंड ठेवायला."

"मानसावानीच हाये मंग."

इंजिन पहिल्यांदा चालू केलं ती सकाळ मी विसरणार नाही. बॅटरीची गाडी जोडली, नाकावरचा पंखा दोनदा अडखळला, निळा धूर फेकला, आणि मर्लिन बोलू लागला. ज्यांनी तो आवाज ऐकला नाही त्यांना कसं सांगावं? गडगडाट म्हणावा तर त्यात एक सूर असतो. तळ्याची माती पायाखाली थरथरू लागली. मोहाच्या झाडांतून सगळे पक्षी उठले. गावातली माणसं पळाली नाहीत, पण एकेक करून सगळ्यांचे हात जोडले गेले. आणि मी, ज्यानं अशी कितीतरी इंजिनं चालू केली, त्या दिवशी त्यांच्यामध्ये उभा राहून हात जोडावे की न जोडावे या विचारात पडलो. शेवटी जोडले. कपूर साहेबांनी पाहिलं, आणि दुसरीकडे तोंड फिरवलं.

निघायच्या दिवशी पूर्व नुकती फटफटली होती. अडचण अशी, की इंजिनाला पूर्ण ताकद देऊन मग सुटायचं, तर विमान ब्रेकवर थांबत नाही आणि शेपूट वर उचललं जातं. पंखा जमिनीला लागला की सगळं संपलं. म्हणून शेपूट दोरानं एका सागाच्या खुंटाला बांधलं. दोर ढिवरांनी वळलेला, जाळ्यांचा, अंबाडीचा. दोराजवळ पोचा कुऱ्हाड घेऊन उभा. मी पंखाच्या टोकाशी, कारण दिघे साहेबांना मी दिसायला हवा होतो.

चढण्याआधी ते माझ्याजवळ आले. "खालचा गिअर धरून राहील ना?"

"राहील साहेब."

"बरं," म्हणाले आणि चढले. आणखी काही विचारलं नाही. माझ्या हातांवर एवढा भरवसा माझ्या बापानंही टाकला नसेल.

इंजिन वाढत गेलं. दोर ताणून काठीसारखा ताठ झाला. धुळीचा लोट मागच्या झाडांपर्यंत गेला. आवाज इतका, की तो ऐकू येण्याऐवजी छातीत आत बसत होता. दिघे साहेबांचा हात दिसला. मी माझा हात खाली आणला. पोचाची कुऱ्हाड एकदाच चमकली.

विमान सुटलं. तलावाच्या पोटातून ते पाळीकडे जाताना मला ते फार सावकाश जातंय असं वाटत होतं. शेपूट उचललं. चाकं अजून जमिनीवर. पाळ समोर. चाकं अजून जमिनीवरच. मी ओरडत होतो असं नंतर कपूर साहेब म्हणाले, मला आठवत नाही. मग चाकांखाली उजेडाची एक बारीक फट दिसली. ती फट वाढली, आणि विमान पाळीवरून गेलं. पाळीवरचं वाळलं गवत एका रेषेत आडवं झालं.

आणि विमान दिसेनासं झालं. पाळीपलीकडे ते खाली बसलं.

कुणी हललं नाही. आवाज होता, पण कुठून येतोय ते कळेना. मला वाटलं, आता तो थांबणार. थांबणार आणि मग दुसरा आवाज येणार. सोनाबाईनं माझं मनगट धरलं होतं, ते मला तेव्हा कळलंही नाही. मग धानाच्या बांध्यांपलीकडे, झाडांच्या शेंड्यांवर, ते निळं विमान वर आलं. चाकं पोटात घेत, सावकाश वळत, उगवत्या उन्हात. पोचानं कुऱ्हाड टाकली. गाव ओरडू लागलं. सोनाबाई रडत होती, आणि रडता रडता पोरींवर खेकसत होती, "का पाहता वं? गेला ना तो. गेला बरोबर."

दिघे साहेब परत एकदा तलावावरून गेले, बरेच उंचावरून. नियमानं तसं करायचं नव्हतं. कपूर साहेब आभाळाकडे बघत म्हणाले, "मैंने कुछ नहीं देखा."

तळावर पोचल्यावर मी त्या विमानातलं सहासष्ट नंबर काढलं आणि पुन्हा सत्तर बसवलं. पावसाळा सरला, आभाळ निवळलं आणि फोटोंचं काम पुन्हा सुरू झालं. एक दिवस दिघे साहेबांनी मला फोटोच्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक मोठा फोटो आणि वर भिंग. ते म्हणाले, "बघ."

मी वाकलो. आधी नुसतं काळं दिसलं. मग कळलं, ते जंगल आहे. जिथं मी जन्मलो, वाढलो, ज्यात चालताना दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, ते अख्खं जंगल अंथरलेल्या घोंगडीसारखं पडलं होतं. वैनगंगा त्यातून दोऱ्यासारखी गेलेली. त्यांनी भिंग सरकवलं. मधे तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी चकाकत होतं. तलाव. काठोकाठ भरलेला, आणि त्याच्या एका कडेला पाळीची सलग रेघ. मला बराच वेळ मान वर करता आली नाही. आमच्या घराण्यात कुणी चांद्याच्या किल्ल्याच्या भिंतीपेक्षा उंच चढलेलं नव्हतं, आणि मी हे पाहत होतो. तेही ज्या इंजिनानं तिथं नेलं, ते माझ्या हातांनी बसवलेलं.

हिवाळ्यात रजा मिळाली तेव्हा मी मोहटोल्याला गेलो. धान कापणीला आलं होतं. सोनाबाई पाळीवर जाळं वाळत घालत होती. मी तिला सांगितलं, की तुझा तलाव मी आभाळातून पाहिला, दिघे साहेबांनी फोटो काढला.

तिनं हातातलं जाळं सोडलं नाही. "केवढा दिसते?"

"दाण्याएवढा."

"भरला व्हता?"

"काठोकाठ."

ती पाण्याकडे वळली. "अन् आमी? आमी दिसलो का त्याच्यात?"

"नाही बाई. एवढ्या उंचावरून माणूस दिसत नाही."

"जा बाप्पा," ती हसली आणि जाळ्याची गाठ सोडवू लागली. "तलाव भरला दिसला ना? मंग आमी दिसलोच."